दाजींची हिरवी लादी

आमच्या दाजींच्या घरात स्वयंपाकघरं दोन. एक वर, बघायचं. एक खाली तळघरात, वापरायचं. वरच्याला रस्त्याकडे भिंतभर खिडकी, खालच्याला छतालगत हातभर झरोका. माझी बहीण ऐन उमेदीची वर्षं त्या झरोक्याखाली राबली, आणि दाजी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून लोकांना सांगत राहिले की बायकोला मी महाल बांधून दिलाय. महाल म्हणे! बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

दाजी म्हणजे सबातिनो याफ्राते. मी त्यांना अहो-जाहो करते ते मानापोटी नाही. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला एकेरीत बोलू नये असं आमच्या आईनं लहानपणी कान पिळून शिकवलं, म्हणून करते. जिभेला वळण लागलंय, मनाला नाही.

इटलीतल्या सोरा गावाच्या वरच्या डोंगरातून हा माणूस मिसरूड फुटायच्या आत अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला आला, आमच्या टेकडीवर गावकऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीनं राहिला आणि लाद्या बसवायला शिकला. हाताला कसब होतं, ते नाकारून मला पाप नको. शहराच्या पलीकडच्या अंगाला जुनी पैसेवाली अमेरिकन घराणी राहत. त्यांच्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत दाजींनी गुडघे झिजवले. दिवसभर जमिनीवर रांगणाऱ्या माणसाला घरातल्या बाईचं तोंड दिसत नाही, दिसतात ते तिचे बूट. दाजी तेही अभिमानानं सांगायचे. "उंच टाचेचे पांढरे, ती डॉक्टरची बायको. तपकिरी, पुढून चेपलेले, ती म्हातारी मालकीण. आवाज न ऐकता ओळखतो मी." याच बायकांपैकी एकीनं एकदा नाक मुरडून मैत्रिणीला सांगितलं, की ही माणसं काम छान करतात, पण यांच्या अंगाला लसणाचा वास येतो. दाजी तिच्या पायाशीच बसले होते. दुसरा कोणी असता तर हातातली थापी आपटून निघून आला असता. दाजी घरी येऊन म्हणाले, "खरंय तिचं. त्यांच्या स्वयंपाकघरांना वासच नसतो. काय ती स्वच्छता!"

मी म्हटलं, "वास नसतो कारण चव नसते. उकडलेले बटाटे खातात ती माणसं."

"तुला काय कळतंय, लोरेता? तू खोट्या दागिन्यांच्या कारखान्यातली."

होय, मी खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात कामाला आहे. ब्रोचच्या पाठीला कथलाचा डाग देऊन पिन बसवते. त्यामुळे पुढून चकाकणारी वस्तू दिसली की आधी उलटी करून पाठ बघायची, ही मला खोड आहे. दाजींची पाठ मी लग्नाच्या दिवशीच बघितली होती, पण ताई ऐकेल तर शपथ.

ताईचं नाव एर्सिलिया. टेकडीवर तिचं बिऱ्हाड आणि माझं बिऱ्हाड समोरासमोरच्या दोन लाकडी घरांत, मधल्या मजल्यावर. मध्ये बोळ. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून माझ्या खिडकीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी, कप्पीवर फिरणारी. ती दोरी आम्ही कपड्यांपेक्षा जास्त बोलण्यासाठी वापरली. ताईचा एक हात पातेल्यात आणि डोकं खिडकीबाहेर.

"लोरे, घेवडा भिजत घातलास?"

"घातला."

"मीठ आत्ता नको टाकूस, दगड होईल. आणि ऐक, तळमजल्यावरची सून पुन्हा लिंबं घेऊन गेली. पिशवीभर."

"मग?"

"मग काय मग? बाळंतविडा विणायला घे."

खाली भाजीवाला ओरडला की ताई दोरीला टोपली बांधून सोडायची. भाव वरूनच ठरायचा, शिव्याही वरूनच घातल्या जायच्या, आणि टोपली भरून वर यायची. गल्लीत कोण रुसलं, कोण आजारी पडलं, कोणाच्या पोराला काम लागलं, हे पाद्रीबुवांच्या आधी ताईला कळायचं. तिला कोणी विचारलं असतं की तुझं घर कुठलं, तर तिनं ती खिडकीच दाखवली असती.

मग टेकडीला पळापळीचा रोग लागला. शहरानं मोठा रस्ता काढायचं ठरवलं, घरं पाडायच्या नोटिसा लागल्या, आणि ज्यांची घरं पडणार नव्हती तेही शेजाऱ्याचं बघून उठले. दर रविवारी कोणाचा तरी ट्रक भरायचा. गाद्या, वाइनचे पोटाळे बुधले, संताची तसबीर, आणि सगळ्यात वर पोत्यात गुंडाळलेलं अंजिराचं झाड. जाणारे गळ्यात पडून रडायचे. आणि महिना उलटला की रविवारच्या प्रार्थनेला नव्या गाडीतून येऊन, "तुमच्या इथे बाई गाडी लावायलासुद्धा जागा नाही," म्हणून नाकं मुरडायचे. तुमच्या इथे! काल नाळ कापली ती विसरले.

दाजींना क्रॅन्स्टनचे डोहाळे लागले. शहराबाहेर, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे मोटारीची खोली. ताई म्हणाली, "मी नाही येणार."

"का नाही?"

"तिथे खिडकीतून कोण दिसणार? झाडं?"

या भांडणानं एक अख्खा हिवाळा खाल्ला. मी माझ्या खिडकीतून सगळं ऐकत होते, आणि ऐकू येणार नाही ते ताई दुसऱ्या दिवशी सांगत होती. शेवटी एका दुपारी दाजींनी टेबलावरच्या मेणकापडावर पेन्सिलीनं घर काढलं. मी तिथेच कॉफी पीत होते, म्हणून छातीठोकपणे सांगते. त्यांनी समोरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकोन काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"ही तुझी खिडकी. रस्त्यावर. भिंतभर. खिडकीशी शेगडी. तू रांधायचंस आणि रस्त्यानं जाणाऱ्या एकेकाची खबर घ्यायचीस. आपली अर्धी गल्ली तिकडेच गेलीय की! असं स्वयंपाकघर टेकडीवरच्या एकाही बाईचं नसेल. तुझ्यासाठी बांधीन, एर्सिलिया. माझ्या हातानं."

ताईनं त्या चौकोनाकडे बराच वेळ बघितलं. "शेगडी खिडकीशीच?"

"खिडकीशीच."

"मग येते," ताई म्हणाली. एवढ्या एका खिडकीवर ती टेकडी सोडून गेली. बाकी तिनं काही मागितलं नाही.

बोलल्याप्रमाणे दाजींनी खिडकी बांधली, हे कबूल करायला हवं. पहिल्या रविवारी मी बसनं गेले. मोटारीच्या खोलीतून आत घेतलं आणि जिन्याशी चपला काढायला लावल्या. वर जाऊन बघते तर डोळे दिपले. जमिनीपासून छतापर्यंत फिक्या हिरव्या लाद्या, एकीचा सांधा दुसरीपेक्षा केसभर जाड नाही. पांढरीशुभ्र शेगडी. दोन कुंड्यांची मोरी. आणि ती खिडकी, खरंच भिंतभर, लेसचे पडदे लावलेली. ताईचा चेहरा असा की जणू नवी नवरी. तिनं तिचं काळवंडलेलं कॉफीचं भांडं आणून शेगडीवर ठेवलं.

"अगं अगं अगं!" दाजी धावले आणि भांडं उचललं. "सांधे ओले आहेत. वाफ लागली तर काळे पडतील. वाळू दे जरा."

"किती दिवस?"

"वाळेपर्यंत. खाली तळघरात जुनी शेगडी जोडून ठेवलीय, तात्पुरती. टोमॅटोचा रस आटवायला लागेलच ना ती. तोवर तिथे कर."

सांधे वाळले. टोमॅटोचा हंगाम आला आणि गेला. तात्पुरत्या शेगडीशेजारी तात्पुरतं टेबल आलं, मग मोरी आली, मग जुनं कपाट. ताईनं विचारलं की दाजी म्हणायचे, "खाली सगळं हाताशी आहे, वर कशाला पसारा?" वरच्या शेगडीचा गॅस खालून कॉक फिरवून बंद केलाय, उगाच गळती नको, असं त्यांनी सांगितलं. ताईनं ते खरं मानलं. दर शनिवारी ती वर जाऊन न पेटलेली शेगडी घासायची, न खरकटलेली मोरी धुवायची, आणि पडदा बाजूला करून रस्ता बघायची. दाजी खालून हाक मारायचे, "पडद्याला हात लावू नकोस, चुण्या पडतात!" नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

आणि हे वेड एकट्या दाजींचं असतं तरी एक वेळ चाललं असतं. सगळी आळी आमच्याच लोकांची, आणि घरोघरी तीच तऱ्हा. बसथांब्यावरून मी चालत यायचे तेव्हा दोन्ही बाजूंना मोठमोठ्या खिडक्या. आत प्लास्टिकची खोळ घातलेले सोफे, पोर्सेलीनच्या बाहुल्या, आणि माणूस एकही नाही. कांदा परतल्याचा वास मात्र जमिनीतून यायचा. टेकडीवर चार बायका रस्त्यावर बोलायला लागल्या की पोलीस यायचा, आणि इथे त्याच बायका आपापल्या तळघरात उंदरासारख्या बिळं धरून बसलेल्या. पुढचं दार तर कोणी उघडायचंच नाही. पाहुणा आला तरी मोटारीच्या खोलीतून, तेलाच्या डब्यांना वळसा घालून.

"दाजी," मी एकदा विचारलं, "वरचं कोणासाठी ठेवलंय?"

"माणसं येतील ना."

"मी कोण?"

"तू घरची."

"पाद्रीबुवा आले तेव्हाही खालीच जेवले."

"तेही घरचेच."

"मग माणसं म्हणजे नेमकी कोण?"

मला ठाऊक होतं उत्तर. माणसं म्हणजे ज्यांच्या पायाशी बसून ते जन्मभर लाद्या बसवत आले ती.

ताई हळूहळू गप्प झाली. दिवसभर दिवा लावून बसायची. त्या झरोक्यातून तिला दिसायचं काय, तर गवताचे शेंडे, गवत कापायच्या यंत्राची चाकं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. "हा पोस्टमन," ती मला दाखवायची. "डाव्या बुटाची टाच झिजलीय. लंगडतो बिचारा. याचं तोंड कसं आहे कोण जाणे." मला संताप यायचा. नवऱ्यानं जे पोटासाठी केलं ते हिच्यावर महालात येऊन करायची पाळी आली. मी म्हणायचे, "ताई, जा वर, पेटव शेगडी, काय करील तो?" ती म्हणायची, "त्याच्या हातचं आहे गं सगळं. डोलोरेसचं लग्न ठरेपर्यंत म्हणतोय. तेव्हा माणसं येतील, तेव्हा उघडेल." डोलोरेस म्हणजे त्यांची एकुलती एक. तेव्हा ती शाळेत जात होती. म्हणजे बघा.

होता होता डोलोरेसचं जमलं. मुलगा वॉल्टर, बँकेत कामाला, बाप नाही, आई आहे. आणि अमेरिकन, अगदी पिढ्यान्‌पिढ्यांचे. दाजींचे पाय जमिनीला लागेनात. माणसं येणार होती! त्यांनी पडदे धुतले, सोफ्याच्या खोळी काढल्या, आणि ताईला सांगितलं, "झालं तुझ्या मनासारखं. रविवारी वर जेवायचं."

"आणि रांधायचं?"

"रांधणं खाली. वाढणं वर. त्या बाईला आल्या आल्या तळणीचा वास नको."

तेव्हा रविवारी मी आणि ताई तळघराच्या जिन्यावरून ताटं वाहत होतो. सूप, मग भरलेली मॅकरोनी, मग कोंबडी, मग लसणावर तळलेल्या गोड मिरच्या. ताईचे गुडघे कुरकुरत होते. प्रत्येक वेळी वर पोचायच्या आधी ती पायरीवर थांबायची, कपाळ पुसायची आणि हसरा चेहरा करून आत जायची. दाजी टेबलाच्या टोकाला टाय लावून बसले होते, आणि ताई आली की तिच्याकडे न बघता म्हणायचे, "थँक यू." बायकोला थँक यू! वाढप्याला म्हणावं तसं.

मिसेस हॅस्केल, वॉल्टरची आई, मात्र वाईट बाई नव्हती. मन लावून जेवली. मिरच्या दोनदा मागून घेतल्या, आणि दाजींचा जीव वरखाली झाला. मग म्हणाली, "किती सुंदर स्वयंपाकघर आहे हो! कोणी हातसुद्धा लावला नसेल असं वाटतं."

दाजी फुलून गेले.

जेवणं झाली आणि बाई उठली. "मिसेस याफ्राते, तुम्ही फार दमलात. बसा आता. चहाचं आधण मी ठेवते." त्यांच्यात म्हणे पाहुणीनं असं उठणं ही सभ्यता असते. दाजींना हे माहीत नव्हतं. त्यांनी त्या बायकांचे फक्त बूट बघितले होते. ते उठेउठेपर्यंत बाईनं किटली पाण्यानं भरून शेगडीवर ठेवली, बटण फिरवलं आणि काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. दुसरी ओढली. तीही.

"तुमचा गॅस बंद दिसतोय."

ताई घाईनं म्हणाली, "खाली कॉक आहे. सबाती, तो उघडून ये ना."

दाजी हलले नाहीत. त्यांचं तोंड लाद्यांसारखं झालं, तितकंच गुळगुळीत आणि फिक्कं. मग ते पाहुणीकडे बघून हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझी बायको विसरभोळी आहे. गॅसचं बिल भरायला विसरली असेल. तिला काही लक्षात राहत नाही."

ताईला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग ती शेगडीपाशी गेली आणि मागे काय आहे ते बघायला दोन्ही हातांनी शेगडी पुढे ओढली. केवढी थोरली लोखंडी शेगडी, पण भिंतीपासून बिनबोभाट सुटून पुढे आली, कारण ती कशालाच जोडलेली नव्हती. मागे ना नळी, ना कॉक, ना भोक. हिरव्या लाद्या, ओळीत, सांध्याला सांधा, खालपासून वरपर्यंत.

गॅसची नळी भिंतीतच होती. दाजींनी तिच्यावरून लाद्या बसवल्या होत्या. आपल्या हातच्या लादीला भोक पाडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हणजे सांधे ओले होते हे खोटं, कॉक बंद होता हे खोटं, डोलोरेसचं लग्न ठरलं की उघडेल हेही खोटं. त्या खिडकीशी कधी काही शिजणारच नव्हतं. मी जन्मभर वस्तूंच्या पाठी बघत आले, आणि हिची पाठ बघायची मला कधी सुचली नाही.

"पण मग," मिसेस हॅस्केल गोंधळून म्हणाली, "एवढं जेवण आलं कुठून?"

डोलोरेस पोर सरळ. रडवेल्या आवाजात म्हणाली, "खालून. आम्ही तळघरात राहतो."

"अच्छा, तळघरात," बाई म्हणाली. तिला ताईचं मन राखायचं होतं, देवाशपथ सांगते, काही लागेल असं बोलायचा तिचा हेतू नव्हता. "आमच्याकडेही आहे तळघर. आम्ही तिथे जुनं सामान ठेवतो."

ताईनं एप्रनला हात पुसले. खाली गेली. आम्हाला वाटलं चहा करून आणते. ती आली ती कोट घालून, आणि हातात तिची काळी लोखंडी कढई. मला म्हणाली, "लोरे, ऊठ. बस चुकेल."

मोटारीच्या खोलीकडे न वळता ती थेट पुढच्या दाराशी गेली. दाराचा रंग जपायला दाजींनी मिसेस हॅस्केललाही मोटारीच्या खोलीतूनच आणलं होतं, आणि दार कधी न उघडून चौकटीत फुगून बसलं होतं. तिनं खांदा लावला. दाजी म्हणाले, "एर्सिलिया, रंग उडेल!" दुसऱ्या धडकेला दार उघडलं आणि रंगही उडाला. महालाच्या पुढच्या दारातून पहिल्यांदा कोणी गेलं असेल तर ती माझी बहीण, आणि तिच्या मागोमाग मी.

माझ्याकडे येऊन तिनं आधी खिडकी उघडली. समोर तिची खिडकी नव्हती. ते घर केव्हाच पाडलं होतं, बोळही गेला होता, तिथे खाली खोलगट भागातून नव्या रस्त्यावरच्या मोटारी धावत होत्या. कप्पीचा हूक मात्र माझ्या चौकटीत गंजून राहिला होता. तिनं तो हातानं चाचपून बघितला. मला वाटलं आता रडेल. तिनं कढई शेगडीवर ठेवली, तेल ओतलं, लसूण ठेचला आणि डोकं बाहेर काढलं. माझ्या भिंतीला लागून थांब्याकडे जायचा अरुंद रस्ता उरला होता. तिथून एक अनोळखी पोर्तुगीज बाई पोर घेऊन चालली होती. ताईनं वरून आपल्याच भाषेत, हातवारे करत विचारलं, "काय गं, पोराला टोपी कुठाय?" आठवडा जायच्या आत त्या वाटेनं जाणाऱ्या निम्म्या लोकांचे आजार तिला पाठ झाले.

आणि दाजी? दाजींना रांधता येत नव्हतं. डोलोरेसला येत नव्हतं, कारण वासाच्या धाकानं पोरीला शेगडीजवळ फिरकू दिलं नव्हतं. दोन शेगड्यांचा मालक उपाशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली गाडीचा भोंगा वाजला.

"एर्सिलिया! घरी चल!"

ताईनं खिडकीतून बघितलं. "जेवलास?"

"नाही."

तिनं दोरीला टोपली बांधली, झाकलेली थाळी ठेवली आणि खाली सोडली. "थाळी परत पाठव."

"मी वर येतो."

"तू नको येऊस. तू घरचा नाहीस," ताई म्हणाली. मी मागे उभी राहून तोंडाला पदर नसल्यामुळे टॉवेल लावला.

मग रोजचंच झालं. कारखाना सुटून मी घरी यायच्या वेळेला दाजींची गाडी खाली उभी. भोंगा, टोपली, थाळी. गाडीत बसून जेवायचे, मांडीवर मोठा रुमाल पसरून, आणि चारी काचा खाली करून, गाडीला वास लागू नये म्हणून. थंडीत कुडकुडत, पण काचा खालीच! अशा माणसाची कीव करावी तरी कशी? येणारे-जाणारे थांबून बघायचे.

"एर्सिलिया, लोक बघतायत!" दाजी ओरडायचे.

"बघू देत. खिडकी त्यासाठीच असते."

एकदा मात्र ते आले ते भोंगा न वाजवता. गाडीतून उतरून टोपी काढून उभे राहिले. हाताला पट्टी बांधलेली.

"फोडली मी," ते म्हणाले. "मागची लादी फोडली, एर्सिलिया. तशी लादी आता मिळत नाही. तरी फोडली. गॅसवाला येऊन जोडून गेला. चारही बर्नर पेटतात. खिडकीशी."

ताईचा हात कढईवरच थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघवेना. याच एका गोष्टीसाठी ती टेकडी सोडून गेली होती, आणि इतक्या वर्षांनी ती गोष्ट टोपी काढून खाली उभी होती. ताईनं गॅस बारीक केला आणि खिडकीशी गेली.

"खरं?"

"देवाशपथ. उद्यापासून वर रांध. पडदेसुद्धा काढून टाकतो हवं तर."

"सबाती," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज किती वर्षांनी तसा मऊ ऐकला मी. "खरंच म्हणतोस?"

"खरंच म्हणजे काय! कॉफी कर, सूप कर, काय हवं ते कर." दाजींनी टोपी हातात फिरवली. "तळण तेवढं खाली. आणि मासे. आणि... लसणाचं जे काही असेल ते. नव्या सांध्यांना वास धरतो गं. बाकी सगळं वर!"

ताई आत आली. टोपलीत तिनं लांब गोड मिरच्या घातल्या, कच्च्या. एक कांदा. लसणाचा अख्खा गड्डा. तेलाची छोटी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि दोरी सोडली.

दाजींनी टोपलीत बघितलं. "हे काय?"

"शेगडी पेटते ना तुझी? मग कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली नाही. ताई कांदा चिरता चिरता खिडकीशी जाऊन आली, मग पुन्हा जाऊन आली. तेवढ्यात फोन वाजला. डोलोरेस होती.

"मावशी, पप्पा मिरच्या तळतायत."

"आँ? कुठे? वर?"

"छे गं. खाली. वर वास लागेल म्हणाले. एकटेच बसलेत खाली दिवा लावून. मला येऊ देत नाहीत, कपड्यांना वास लागेल म्हणतात. आईला सांगशील?"

मी फोन ठेवला आणि सांगितलं. मला वाटलं ताई चिडेल, निदान माझ्यासारखी हसेल तरी. मी म्हटलं, "बसला तुझा सबाती त्या झरोक्याखाली. आता काय बघेल, पोस्टमनचे बूट?"

"त्याला तेच बघायची सवय आहे," ताई म्हणाली. मिरच्या कढईत टाकून ती खिडकीशी गेली आणि खालून जाणाऱ्या त्या पोर्तुगीज बाईला विचारलं, की पोराचा ताप उतरला का.